दर स्क्रीनला नवं बटण कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली आपल्याकडे होमस्टे, हापूसची ऑर्डर, पतसंस्था, सगळ्यांचे ॲप निघतायत, चांगलंच आहे, पण एकाच ॲपमधे तीन तऱ्हेची बटणं असतात, एका स्क्रीनवर हिरवं, दुसरीकडे निळं, तिसरीकडे नुसता बाण. मी रत्नागिरीत अशाच एका छोट्या टीममधे आहे म्हणून हे का होतं ते माहितीय, नवीन माणूस आला की तो आपलं बटण परत नव्याने काढतो आणि क्लायंटने रंग बदला म्हटलं की ते सगळीकडे शोधत फिरायचं.

ह्याला डिझाइन सिस्टिम, म्हणजे सगळ्या स्क्रीनसाठी एकदाच ठरवून ठेवलेले भाग आणि नियम, हा उपाय आहे आणि तो काही नवा नाही, गूगलने मटेरियल नावाची आपली सिस्टिम 2014 ला आणली, ब्रिटन सरकारने आपली सिस्टिम 2018 ला खुली केली, आपल्या केंद्र सरकारची यूएक्सफोरजी (UX4G) नावाची सिस्टिम पण आहे. रंग, अक्षराचा साईझ, मोकळी जागा ह्यांना नावं देऊन ठेवायची (टोकन म्हणतात) आणि त्यातून बटण, फॉर्मचा रकाना, एररचा मेसेज हे सुटे भाग एकदाच बांधायचे, फिग्मात (स्क्रीनचं डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर) आणि कोडमधे नाव एकच. चिरे खाणीवरच एका मापाचे कापून येतात म्हणून गवंडी भराभर भिंत चढवतो, तसंच.

पण बाहेरची सिस्टिम आहे तशी उचलली की मराठीत घोळ होतो. ओळीची उंची इंग्रजी अक्षरं बघून ठरवलेली असते, मग वरचे रफार-मात्रा आणि खालचे उकार कापले जातात, गावातल्या म्हाताऱ्या माणसाने वाचायचं काय? ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो देवनागरी’ नावाचे फाँट फुकट आहेत, ते लावा, ओळीची उंची टोकनमधेच वाढवा, एकदाच, सगळीकडे लागू होतं. नेहमीच्या आकाराचं अक्षर आणि मागचा रंग ह्यांचा कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) निदान 4.5 ला 1 तरी हवा असं वेबसाठीचा आंतरराष्ट्रीय नियमच (WCAG) सांगतो, आणि मे महिन्यात जेटीवर उन्हात उभं राहून फिकट राखाडी अक्षरं वाचून बघा म्हणजे नियम कशाला ते कळेल.

डिझायनर मंडळी म्हणतात ह्याने क्रिएटिव्हिटी मरते. अहो, हप्ता भरायला आलेला माणूस क्रिएटिव्हिटी बघायला येत नाही!

खरी अडचण वेगळीच आहे, मालकांना वाटतं हे एकदा केलं की संपलं. सांभाळायला ठराविक माणूस आणि कामाच्या वेळातलाच वेळ दिला नाही तर सुट्या भागांची सुंदर लायब्ररी फिग्मात पडून राहते, डेव्हलपर ती उघडतसुद्धा नाही. आणि पहिल्याच दिवशी शंभर भाग करायला जाऊ नका, आपल्याच स्क्रीनचे फोटो शेजारी शेजारी लावा, सगळ्यात जास्त गोंधळ कुठे आहे ते आपोआप दिसतं, तिथून सुरू करा.

नगरपरिषदा, पतसंस्था ह्यांना एवढंच सांगणं आहे की ॲपचं काम देताना करारात एक अट घाला, टोकनची फाईल आणि मराठीत तपासलेले सगळे सुटे भाग कोडसकट आमच्या ताब्यात द्यायचे. नाहीतर पुढचा कंत्राटदार परत बटणापासून सुरुवात करणार आणि त्याचं बिल तुमच्या आमच्या घरपट्टीतून जाणार.

– एक वाचक, रत्नागिरी