‘इन्व्हेस्टिगेटर’चे मासे कोकणात दाखवा : पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या अखत्यारीतल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे कोलकात्यात खोल समुद्रातल्या प्राण्यांचा जुना संग्रह आहे. त्यातले कितीतरी नमुने ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजाने आणलेले. ही लाकडी आगबोट मुंबईच्या गोदीत बांधली गेली. ते प्राणी ज्यांनी ओळखून जगापुढे ठेवले, त्या आल्फ्रेड आल्कॉक यांचं नाव मात्र आमच्या किनाऱ्यावर कुणाला ठाऊक नाही.

आल्कॉक सरकारी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. 1888 मध्ये ते या बोटीवर ‘सर्जन-नॅचरलिस्ट’, म्हणजे डॉक्टर आणि निसर्ग-अभ्यासक, म्हणून रुजू झाले. बोटीचं मुख्य काम सागरी नकाशांसाठी मोजणी करण्याचं. प्राणी गोळा करणं त्यातून सवड काढून. खोल पाण्यात जाळं सोडून वर ओढायला तासन्‌तास लागत. वर येताना दाब उतरला की कित्येक माशांचं पोट तोंडावाटे बाहेर येतं. तशा जिवांतून आल्कॉक जाती निवडत राहिले, आणि 1899 मध्ये भारतीय समुद्रातल्या खोल पाण्याच्या माशांची सविस्तर सूची त्यांनी सिद्ध केली.

मला त्यांचं सगळ्यात मोठं वाटतं ते पाकट या चपट्या माशावरचं काम. प्राणिशास्त्रज्ञ जेम्स वुड-मेसन यांच्यासोबत त्यांनी 1891 मध्ये दाखवून दिलं, की एका जातीच्या पाकटाच्या गर्भाशयात तंतूंसारखे उंचवटे असतात. ते पिल्लाच्या डोळ्यांमागच्या छिद्रांतून आत शिरतात आणि त्यांतून पाझरणाऱ्या दुधासारख्या रसावर पिल्लू पोसतं. पाकट आमच्या बाजारात नेहमी दिसतो. त्याच्या पोटातली ही गोष्ट मुलांना शाळेत कुणी सांगत नाही.

आज ‘मत्स्य 6000’ या भारतीय पाणबुडीमधून माणसाला सहा हजार मीटर खोल नेण्याची तयारी चालू आहे. त्याचा मला मनापासून अभिमान आहे. म्हणूनच विनंती, की या संग्रहाचं फिरतं प्रदर्शन मुंबई, रत्नागिरी, मालवणला यावं. मूळ नमुने हलवू नयेत. जाती ताडून पाहायला अभ्यासकांना तेच लागतात. छायाचित्रं, प्रतिकृती आणि या प्राण्यांची 1892 पासून छापली गेलेली चित्रं पुरेत. माहिती मराठीत असावी, माशांची नावं कोळी बांधवांना विचारून लिहावीत, आणि जाळी ओढणाऱ्या खलाशांनाही त्यात जागा द्यावी. शाळांना आधी कळवलंत, तर आम्ही मुलांना घेऊन येऊ.

आपला,
जीवशास्त्राचा एक शिक्षक, रत्नागिरी