मुंगसाच्या फोटोसाठी जांबोटीकडच्या मामांना थँक्यू

मामा, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर असलं काय वाचत नाही माहीत आहे, तुमचा भाचा वाचून दाखवतो म्हणालाय. नाव घालू नको म्हणालात म्हणून घातलं नाही, पण जांबोटीकडच्या बांधावरचे मामा म्हटल्यावर गावात कळायचं ते कळणारच की.

गेल्या वर्षी सुगी झाल्यावर बेळगावातनं पहाटे पाचला गाडी काढून मी तुमच्या शेताकडेला आलो, अंगात ऑनलाइन मागवलेलं ते झाडपाल्याच्या डिझाइनचं जॅकेट, आणि तुम्ही लांबूनच ओरडलात, "काय करालास रे तिथं?" मला वाटलं आता हाकलणार. मुंगसाचा फोटो पाहिजे म्हटल्यावर तुम्ही हसलात की राव, कारण तुमच्या बांधावर ते रोज येतंय आणि त्याच्यासाठी कोण शहरातनं येईल हे तुम्हाला पटेनाच.

पहिल्या दिवशी मी अजून नीट उजाडलेलं नसताना फ्लॅश मारला. फोटोत काय आलं तर चमकणारे दोन डोळे आणि मागं काळोख, आणि मुंगूस पुढचे दोन दिवस फिरकलंच नाही. तुम्ही रागावला नाहीत, एवढंच म्हणालात की त्यालापण ऊन लागतंय, ऊन बांधावर आल्याशिवाय ते बिळातनं निघत नाही, तू कशाला घाई करालास. मार्गशीर्षात सूर्य दक्षिणेला सरकलेला असतो, त्यामुळं टेकडीआडनं तुमच्या बांधावर ऊन यायला साडेसात होतात, हे मला कुठल्या ॲपनं सांगितलं नव्हतं, म्हणजे ॲपमध्ये सूर्योदय असतो पण टेकडी कुठं असते त्यात!

मग तुम्ही सांगितलं तसं पिंजरावर, म्हणजे वाळल्या काडावर, पालथा पडून राहिलो, वारा तोंडावर घेऊन, दवानं शर्ट ओलागार. मागं तुम्ही बैलाला "सुम्न निंद्र!" म्हणून दटावलं (म्हणजे गप उभा रहा; बैल बैलहोंगलकडचा, त्याला कन्नडच कळतंय) आणि मीच दचकून श्वास रोखला. तेवढ्यात ते आलं. मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, ऊन बाजूनं पडलेलं, आणि तेव्हा पहिल्यांदा दिसलं की मुंगूस राखाडी नसतंच, एकेका केसावर फिकट आणि गडद असे पट्टे असतात आणि तिरक्या उन्हात ते सगळे वेगवेगळे चमकतात. फ्लॅशमध्ये हेच सगळं सपाट झालं होतं. कॅमेऱ्याचं सेटिंग आयएसओ 1600, शटर 1/800, आणि पिंजर पांढरटलेलं असल्यामुळं कॅमेरा फसून जनावर काळपट काढतोय म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं वाढवलं, बाकी काही केलं नाही.

खरं सांगायचं तर त्या केसांकडं बघून थोडी लाजपण वाटली. ह्याच केसांच्या ब्रशसाठी मुंगसं मारतात, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षण असूनसुद्धा, आणि शाळेत चित्रकलेच्या तासाला तसला ब्रश मीपण ऐटीत वापरलेला आहे.

अजून एका गोष्टीबद्दल थँक्यू. अंडं ठेव, लगेच येतंय, असा सल्ला मला एकानं दिला होता आणि मी खिशात दोन अंडी घेऊन आलोपण होतो. तुम्ही म्हणालात, "आज अंडं दिलंस तर उद्या ते माझ्या खुराड्यात शिरंल, मग मी काय करू, तुला फोन लावू?" ती अंडी शेवटी तुमच्याच चुलीवर मामींनी केली. आणि शेपटीचं टोक काळं असलं, शेपूट वर करून चालत असलं तर ते दुसरं, रानातलं, हेपण तुम्हीच दाखवलंत. मी इतके दिवस दोन्हींना एकच समजत होतो.

फोटो मोठा प्रिंट करून आणून दिला तर तुम्ही बराच वेळ बघितलात आणि म्हणालात, "मुंगूस ब्येस आलंय, पण माझा बांध कुठं हाय?" काय सांगणार, 300 मिलिमीटरच्या लांबच्या लेन्सनं मागचं सगळं धूसर करून पुसून टाकलेलं.

ह्या सुगीला येतोय मामा, छोटी लेन्स घेऊन. बांध दिसेल असा काढतो. बैलपण आला तर येऊ दे.