डाव्या भुवईचा रंग

संपादक महोदय,

पन्नाशी आली तरी मी व्हिडिओ गेममधल्या पात्रांच्या मूर्ती जमवतो (घरचे त्यांना 'बाहुल्या' म्हणतात, चालायचंच). गेल्या महिन्यात मर्यादित आवृत्तीतली एक आली (अशा मोजक्याच निघतात, प्रत्येकीच्या तळाशी तिचा क्रमांक असतो). डाव्या भुवईचा काळा रंग सुईच्या टोकाएवढा पापणीवर ओघळलेला. बुटांवर साच्याची शिवणही होती, पण ती मी दोषात धरत नाही. दोन भागांचा साचा म्हटला की शिवण आलीच.

फारशी आशा न ठेवता कंपनीला फोटो पाठवले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: नवी पाठवतो, जुनी ठेवा, फक्त तिच्या तळाचा क्रमांक खरवडून फोटो पाठवा. नव्या मूर्तीवर माझाच क्रमांक होता, 212. संग्राहकाला याची किंमत कळते. पॉलिश पेपर घेऊन तो आकडा घासताना मात्र हात जड झाला.

काहींना दोषच प्रिय असतो म्हणा. 2014 साली निन्टेन्डो या गेम कंपनीच्या 'अमीबो' नावाच्या मूर्तींत मारिओ गेममधली राजकन्या पीच पायांविना निघाली, तेव्हा तिच्यावर लिलावात उड्या पडल्या होत्या.

एक गोष्ट खटकली. हाच दोष असलेल्या स्वतःच्या मूर्तीची तक्रार घेऊन माझा भाचा त्याच कंपनीकडे गेला, तर 'हे आमच्या मानकात बसतं' असं उत्तर मिळालं. त्याची ती पहिलीच खरेदी होती, माझी सतरावी. भुवई तीच, रंगही तोच ओघळलेला. माझी जुनी मूर्ती आता त्याच्या टेबलावर आहे, क्रमांकाविना.

– एक संग्राहक