चिलर ट्रिप झाला म्हणून रिले वाढवू नका

महोदय,

सुटीनंतर सोमवारी सकाळी मोठ्या इमारतींतला सेंट्रिफ्यूगल चिलर (एसीसाठी पाणी गार करणारे यंत्र) सुरू करताना मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होते, म्हणजे जादा भारामुळे आपोआप बंद पडते. मग ऑपरेटर स्क्रूड्रायव्हर घेऊन रिलेची, म्हणजे करंट वाढला की मोटर तोडणाऱ्या उपकरणाची, सेटिंग वाढवतो. कृपया असे करू नका. रिले त्याचे काम चोख करत असतो. चुकते ती लोड चढवण्याची रीत.

बंद प्लॅन्टमधले पाणी उन्हाळ्यात २८-३० अंशांवर जाते. चिलरमध्ये फिरणाऱ्या आर-१३४ए या गॅसची वाफ ५ अंशांना घनमीटरमागे सुमारे १७ किलो भरते, २५ अंशांना सुमारे ३२ किलो. गॅस ओढणाऱ्या इम्पेलरचा (पंख्याचा) वेग तोच, पण ओढल्या जाणाऱ्या गॅसचे वजन जवळजवळ दुप्पट. गॅसच्या वाटेवरच्या व्हेन (उघडझाप होणारी पाती) उघड्या असतील तर हा सगळा भार मोटरवर येतो.

म्हणून सक्शनच्या गाइड व्हेन पूर्ण मिटल्याशिवाय स्टार्ट देऊ नये. पॅनेलवरच्या 'बंद' या अक्षरांवर विसंबू नका. ॲक्च्युएटरची (व्हेन फिरवणाऱ्या यंत्राची) लिंक सैल झाली की लिमिट स्विच बंद दाखवतो आणि पाती अर्धवट उघडी राहतात. शाफ्टवर खूण करून ती डोळ्यांनी पाहा. मोटर स्टारवरून (सुरुवातीच्या कमी करंटच्या जोडणीवरून) डेल्टावर (चालू स्थितीच्या जोडणीवर) जाऊन पूर्ण वेगात आली की मगच व्हेन सावकाश उघडाव्यात. डिमांड लिमिट (मोटरला किती करंट घेऊ द्यायचा त्याची मर्यादा) आधी ५०-६० टक्क्यांवर ठेवा, पाणी १२ अंशांच्या आसपास उतरले की १०० करा. गारवा यायला वेळ लागेल. त्यासाठी चिलर अर्धा तास लवकर लावावा.

आता रिले. ४१५ व्होल्टची ३०० किलोवॉटची मोटर फुल लोडला साधारण ५०० ॲम्पिअर घेते. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या तारेवर असेल तर सेटिंग त्याच्या ०.५८ पट, म्हणजे २९० ॲम्पिअर हवी. तिथे ५०० लावले तर वाइंडिंग जळेपर्यंत रिले हलणार नाही.

ट्रिप झाल्यावर लगेच पुन्हा स्टार्ट देणे तर फारच घातक. प्रत्येक स्टार्टला रोटर तापतो, आणि त्याला निवायला वेळ मिळावा म्हणूनच टायमर असतो. तो जंपर (जोडतार) टाकून बायपास केलेला आढळला तर जंपर आधी काढा. कूलिंग टॉवरचा पंप आधी चालू आहे ना, तिन्ही फेजचे व्होल्टेज सारखे आहे ना, हेही तपासावे. व्होल्टेजमध्ये दोन टक्के फरक पडला तरी करंटमधला फरक त्याच्या कित्येक पट होतो.

इमारतींच्या व्यवस्थापकांनी वार्षिक देखभाल करारात व्हेनची लिंक, रिलेची सेटिंग आणि क्लॅम्प मीटरने डिमांड लिमिटची पडताळणी ही तीन कामे नावानिशी लिहून घ्यावीत.

– वातानुकूलन देखभाल अभियंते, ठाणे