चालींचे कागद वाचता येतील असे द्या

मा. संपादक,

चतुर्थीच्या तालमी सुरू झाल्या आणि आमच्या वेंगुर्ले-कुडाळ पट्ट्यात जुन्या भजनांच्या चालींचं छापील नोटेशन, म्हणजे स्वरलिपी, मंडळांपर्यंत पोचलं. बुवांना इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर बसवून चाली वाजवून घेतल्या, मिडी फाइली (कुठली पट्टी केव्हा दाबली याची संगणकातली नोंद) केल्या आणि सॉफ्टवेअरमधून थेट प्रिंट काढल्या, असा हा उपक्रम. तो व्हायलाच हवा होता. आमच्याकडच्या भजनाच्या वह्यांत शब्द असतात, चाल नसते. वर ‘अमक्या चालीवर’ एवढं लिहिलेलं असतं आणि ती चाल ज्यांना येते ते बुवा एकेक करून जात आहेत. म्हणूनच हे कागद पाहून फार वाईट वाटलं. पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन सहज वाचणारी माझी विद्यार्थिनी पहिल्याच ओळीत अडली. शेजारी बसलेले तिचे आजोबा स्वतः पेटी वाजवतात. त्यांनी विचारलं, “हो कागद वाजवूचो कसो?”

त्या ओळीत पंचम दोन मात्रा धरलेला आहे, एवढंच. कागदावर मात्र एक डॉटेड क्वार्टर (दीड मात्रा), तिला टायने, म्हणजे कमानीने, जोडलेली थर्टी-सेकंड (मात्रेचा आठवा भाग) आणि मागे एक चिमुकला रेस्ट, म्हणजे विराम. पान असंच काळं झालेलं.

यात बुवांची काही चूक नाही. मिडी फाइलीत आवाजही नसतो आणि नोटेशनही नसतं. १९८३ साली ही पद्धत आली ती एका वाद्याने दुसऱ्याला निरोप द्यावा म्हणून: कुठली पट्टी दाबली, किती जोराने, केव्हा सोडली. प्रत्येक पट्टीला ० ते १२७ मधला क्रमांक. मधल्या सप्तकातली पांढरी एक (इंग्रजीतला C) म्हणजे ६०. एका मात्रेचे बहुधा ४८० बारीक भाग पाडलेले असतात. बोट केसभर आधी उचललं की सॉफ्टवेअर तेवढा रेस्ट इमानदारीने छापतं. शिवाय फाइलीत ताल-लयीची नोंद नसेल तर ४/४, म्हणजे चार मात्रांचा ताल, आणि मिनिटाला १२० ठोके असंच धरलं जातं. बुवा सहा मात्रांच्या दादऱ्यात आपल्या लयीने वाजवत असतील तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कागदावर कुठे पडेल ते सांगता येत नाही.

हे सगळं सुधारता येतं, आणि खर्चही नाही. म्यूझस्कोर हे नोटेशनचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. मिडी उघडतानाच लहानात लहान स्वर कोणता धरायचा ते त्यात ठरवता येतं; साध्या गजराला सिक्स्टीन्थ (पाव मात्रा) पुरते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाजवतानाच मेट्रोनोम लावावा आणि ताल आधी भरून ठेवावा. मोकळ्या लयीत वाजवून झालेलं असेल तर मात्रा मागाहून हाताने बसवाव्या लागतात. ते किचकट काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

भैरवीच्या पानावर तर मला राहवेना. सा पांढरी एक धरला तर ६१ म्हणजे कोमल रिषभ. पण फाइलीला फक्त ६१ माहीत, आणि सॉफ्टवेअरने तिथे सा-लाच तीव्र करून ठेवलंय. आमच्या सरगमात सा अचल आहे, तो कोमल-तीव्र होतच नाही! ओळीच्या सुरुवातीला चार फ्लॅटची (कोमलाच्या खुणांची) की-सिग्नेचर देऊन स्वर पुन्हा लिहायला सांगितलं की रे, ग, ध, नी चारही कोमल आपापल्या जागी बसतात. बुवा काळी एकमध्ये गात असतील तर नोटेशन पांढरी एकमध्येच ठेवून वर ‘सा = काळी एक’ लिहावं. पेटीवाल्याला तेवढं पुरे.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सेटिंगने होत नाही. बारीक स्वर गाळायला सांगितले की कणस्वर (मूळ स्वराला ओझरता लागणारा स्वर) पुढच्या स्वराला जाऊन चिकटतो आणि कागदावर दोन स्वर एकावर एक दिसतात. मुरकीचा, म्हणजे झटपट घेतलेल्या स्वरांच्या झुपक्याचा, तर चुराच होतो. बारीक स्वर ठेवले तर पुन्हा पान काळं. इथे चाल ज्याच्या गळ्यात आहे त्याला शेजारी बसवूनच ठरवावं लागतं, कुठला स्वर मूळ आणि कुठला कण. कीबोर्डच्या चाकाने घेतलेली मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) फाइलीत असते, पण प्रिंटवर उतरत नाही. ती खूण हातानेच करावी लागते.

संबंधितांना माझी विनंती आहे. शुद्ध केलेली प्रत म्यूझिकएक्सएमएल या नोटेशनच्या फाइल-स्वरूपातही ठेवा. कोमल-तीव्राचा फरक, गाण्याचे शब्द, टाय, सगळं त्यात राहतं आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडतं. सोबत सा रे ग म अशा अक्षरांतल्या भातखंडे पद्धतीची एक प्रत द्या: कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब, तार (वरच्या) सप्तकाला वर. गावोगावचे पेटीवाले तीच वाचतात. आणि बुवांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग जोडल्याशिवाय कुठलाच कागद बाहेर देऊ नका.

आत्ताच्या प्रिंटवरून काही दुरुस्त करता येणार नाही. त्यासाठी मूळ मिडी फाइली हव्यात. त्या दिल्यात तर मी आणि माझ्या विद्यार्थिनी चतुर्थीनंतर एकेक चाल बुवांसोबत बसून विनामूल्य साफ करून देऊ.

— एक संगीतशिक्षिका, वेंगुर्ले