तवा माझ्याकडेच आहे

कोल्हापूर,
गुरुवार, रात्री साडेदहा

प्रिय सुध्या,

आठ महिने झाले, ना फोन ना चिठ्ठी. तब्येत बरी. साखर काठावर आहे, रेखाने चहातली बंद केलीय. एवढंच.

आता शिव्या द्यायच्या त्या पत्र संपल्यावर एकदमच दे. काकूंचा तवा माझ्याकडे आहे. तोच, बिडाचा, कडेला टवका उडालेला. २००१ ला राजारामपुरीतली खोली सोडली तेव्हा टेम्पोतून पडला म्हणून तू बंड्याची गचांडी धरलीस ना, तो पडला नव्हता. माझ्या वळकटीत होता.

का ठेवला म्हणशील. तू निघालास मुंबईला, तुझ्या घरात करून घालायला काकू होत्या. आमच्याकडे मटणापलीकडे काही शिजलेलं तू पाहिलंयस? माशाच्या वासाला आई नाकाला पदर लावायची. वाटलं, निदान तवा तरी असू दे. आणि गंमत बघ, लाजेनं त्यावर एक तुकडा कधी भाजला नाही. दर दिवाळीला माळ्यावरून काढायचा, तेलाचा हात फिरवायचा, परत ‘पुढारी’त गुंडाळायचा. चोरीचा माल इतका जपणारा चोर तुला दुसरा सापडायचा नाही.

काल बुधवार. साडेसातला ऑफिसातून येताना सुरमई दिसली, घाट चढून आलेली, ताजी. बोटाएवढ्या जाडीच्या चार तुकड्या घेतल्या. रेखाला यायला उशीर, मनू क्लासवरून येऊन डबे उघडत बसलेली, आणि नॉनस्टिकचा दांडा नेमका कालच निखळला. माळ्यावर चढलो.

तुकड्या धुऊन जुन्या धोतराच्या फडक्यानं चांगल्या टिपल्या. ओला मासा तव्याला धरतो आणि तेल अंगावर उडवतो, हे आपण स्टोव्हवर पोळून घेऊन शिकलो होतो. हळद, मीठ, मिरचीपूड, आगळ, पाव तास, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. कांदा-लसूण चटणी घातली नाही. होय, वाच परत. त्यातला कांदा-लसूण तापल्या तव्यावर करपतो आणि कडू लागतो, हे तू दोन वर्षं ओरडून सांगत होतास. तुझं बरोबर होतं. फार फुगू नकोस.

तांदळाच्या पिठात थोडा रवा, वरचं झटकून टाकलं. तवा कडकडीत, मग तेल, मग तुकडी. चर्र झालं आणि हात शिवशिवायला लागले. तुला आठवतं, आपण दर अर्ध्या मिनिटाला उलथनं खुपसायचो आणि बांगड्याचं पिठलं व्हायचं? काकू आल्या तेव्हा माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं होतं, ‘वायच थांब रे.’ काल हात मागे बांधून उभा राहिलो. तीनेक मिनिटांनी उलथनं नुसतं टेकवलं, तुकडी आपणहून सुटली. खाली सोन्यासारखी खरपूस. दुसरी बाजूही तशीच. अर्ध्या तासात भात-मासा ताटात.

मनू पहिल्या घासाला म्हणाली, ‘पप्पा, नाद खुळा!’ मग म्हणाली, हा तवा कुणाचा? माझ्या तोंडातून गेलं, आजीचा. ‘पण आजी तर मासे खात नव्हती.’ एवढ्यात रेखा आत आली. तिला मी आजवर ते गावाकडचं जुनं भांडं म्हणून सांगितलेलं. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी पाणी आणायला उठलो.

असाच काकूंच्या बाराव्यालाही उठलो होतो. सांगायचं ठरवूनच आलो होतो. तुझ्या स्वयंपाकघरात ताई म्हणाली, आई शेवटपर्यंत म्हणायची, माझा तवा पोरांनी घालवला. मी तांब्याभर पाणी प्यायलो आणि तुला न भेटता एसटी गाठली. तू विचारलंस, असा का निघून गेलास. हे कारण.

आता करू काय ते सांग. परत द्यायचा तर मनूनं त्यावर हक्क सांगितलाय, शनिवारी आंबोळ्या करणार म्हणते. तुमच्याकडे इंडक्शन आहे म्हणून सुटलो असं वाटलं, तर बीड त्यावर चालतं म्हणे, आणि याचं बूड सपाट आहे. तीही पळवाट गेली. कुरिअरनं पाठवायची हिंमत होत नाही. पडला, फुटला तर बंड्यावर ढकलायचीही सोय नाही. तूच महालक्ष्मीनं ये. सकाळी उतरशील, दुपारी आपण दोघं भाजू, मग हवा तर घेऊन जा. मनूला मी समजावीन. बहुतेक.

तुझ्या बढतीचं कळलं, अभिनंदन. वहिनींची मान कशी आहे? चिन्मयची दहावी यंदाच ना? कळव.

तुझा,
विज्या

ता. क. बंड्याला इतक्यात बोलू नकोस. त्या तव्याचा दंड म्हणून मी त्याच्याकडून आजवर तीनदा तांबडा-पांढरा वसूल केलाय.