देवघराची वाटणी

सातारा

प्रिय अव्या,

दिवाळीपासून ना पत्र, ना फोन. शिव्या भेटल्यावर घाल. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, आईचे गुडघे जैसे थे.

आमच्याकडे वाटण्या निघाल्यात. जमिनीचं, परड्याचं निभावलं. गाडं अडलंय देवघरात. अण्णाने पुण्याहून जुन्या वस्तूंचा व्यापारी आणला. त्याने कुलदेवांचे टाक बाजूला सारले, अन्नपूर्णा उचलली, बॅटरी मारली आणि म्हणाला, "चोळकालीन ब्राँझ!" साताऱ्यात चोळ! अरे, चोळ हे तमिळ मुलखाचे राजे, त्यांच्या काळच्या उत्सवमूर्तींच्या पीठाला मिरवणुकीचे दांडे ओवायला भोकं नि कड्या असतात. आमची बाई मुठीत मावते, हातात पळी धरून तांदळाच्या वाटीत बसते. मिरवायची कुठे? मग गडी नाकावर आला. नाक झिजलंय, किंमत उतरेल. पिढ्यान्‌पिढ्या चिंच-राखेने घासल्यावर दुसरं काय होणार? काळपट थर मात्र काढू नका म्हणे, तोच जुनेपणाचा पुरावा. माईने तेवढ्यात पितांबरीचा डबा आणला. त्याचा चेहरा बघायला हवा होतास.

अण्णाला 1972 चा कायदा ऐकवला: शंभर वर्षांवरची मूर्ती ही पुरावस्तू, परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही, देशाबाहेर नेता येत नाही. "मी कुठे लंडनला पाठवतोय?" म्हणाला. तमिळनाडूतल्या पत्तूरच्या देवळातला नटराजही असाच लंडनला पोचला होता. देवाच्या नावाने कोर्टात भांडून 1991 साली परत आणावा लागला.

खरी सल वेगळीच आहे. टाक घराण्याचे, ते थोरल्याकडे जावेत, कबूल. पण अन्नपूर्णा आजीबरोबर वाईहून आली. गौरीहर पुजून तिच्या आईने दिलेली, आणि आईलाही तिच्या माहेरूनच मिळालेली. म्हणजे ती लेकीबाळींची. ताईकडे जायला हवी. ताई म्हणते, "माझं नाव मध्ये घेऊ नका, माहेर तुटेल." आणि मी बोललो की, बहिणीच्या आडून स्वतःच डोळा ठेवतोय, असं होणार. तुमच्याकडे पाट्या-वरवंट्यावरून काय झालं ते तू पाहिलंयस, म्हणून तुलाच लिहितोय.

कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या रोमन पोसायडनला, त्या समुद्रदेवाला, तू वाकून नमस्कार केलास आणि "देव कुणाचा का असेना" म्हणत माझ्याशी दिवसभर भांडलास. तुझं म्हणणं मला आजही पटत नाही. पण अण्णा तुझं ऐकतो, का ते देव जाणे.

पिंकीची बारावी कशी गेली? वहिनींच्या बदलीचं काय झालं?

रविवारी बैठक आहे, सकाळच्या एसटीने ये. व्यापारीही येणार आहे. त्याच्यापुढे ज्ञान पाजळू नकोस, भाव वाढवेल.

तुझा,
बंड्या